घटमालेचा प्रवाह एकदिश का?

विज्ञानाच्या तासाला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, की घरातल्या भिंतीवरील खटक्यातून येणारा विद्युत्प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलतो असे पुस्तकात सांगितले आहे, मग विजेरीतील सेलचा प्रवाह तशी दिशा का बदलत नाही? या प्रश्नास बहुधा जे उत्तर मिळते ते ठरावीक असते. घटमालेस धन व ऋण अशी दोन टोके असतात, ती कायमची ठरलेली असतात, म्हणून तिचा प्रवाह एकदिश असतो. हे विधान खोटे नाही. परंतु ते उत्तरही नव्हे. टोके ठरलेली असणे आणि प्रवाह एकदिश असणे ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. विद्यार्थ्याने कारण विचारले आणि त्यास प्रतिशब्द मिळाला. परीक्षेत ‘एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाह यांतील चार भेद लिहा’ असा प्रश्न आला म्हणजे तो प्रतिशब्द कामी येतो, गुणही मिळतात, आणि मूळ कुतूहल तेथेच विझते.

या कुतूहलाची अशी वासलात लागू नये, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. पहिले असे, की या साध्या प्रश्नाच्या पोटात रसायनशास्त्र व विद्युत्शास्त्र यांचा सांधा दडलेला आहे. दुसरे कारण व्यवहारातील आहे. छपरावरील सौर तक्ते, घरातील इन्व्हर्टर, रस्त्यावरील बॅटरीची रिक्षा आणि खिशातील मोबाईल यांमुळे एकदिश प्रवाह आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही; तो घरोघरी येऊन बसला आहे. त्याचा स्वभाव न जाणता त्याच्याशी व्यवहार करणे हे पैशाच्या दृष्टीने तोट्याचे आणि कधी कधी जिवावर बेतणारे ठरते.

इतिहासाकडे पाहता मूळ प्रश्नच उलटा करावासा वाटतो. २० मार्च १८०० रोजी इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांस पत्र लिहून आपल्या नव्या साधनाचे वर्णन कळविले. जस्ताची एक चकती, तिच्यावर रुप्याची किंवा तांब्याची दुसरी, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, आणि पुन्हा तोच क्रम, अशी ती चवड होती. सतत वाहणारा विद्युत्प्रवाह मनुष्याच्या हाती आला तो या चवडीमुळे. त्यापूर्वी घर्षणाने उत्पन्न होणाऱ्या ठिणग्या व धक्के तेवढे ठाऊक होते. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ युरोपातील सर्व प्रयोगशाळांत जो प्रवाह वाहिला तो घटमालेचाच. तो एका दिशेने वाहतो याचे कोणास नवल वाटले नाही, कारण दुसऱ्या प्रकारचा प्रवाह असू शकतो ही कल्पनाच नव्हती.

मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमधील उपकरणे बनविणारा कारागीर हिप्पोलित पिक्सी याने हाताने फिरविण्याचे एक यंत्र तयार केले. तारेच्या वेटोळ्यांसमोर नालेच्या आकाराचा चुंबक फिरत असे. त्यातून प्रवाह निघाला खरा. परंतु तो अर्ध्या फेऱ्यात एका दिशेस आणि उरलेल्या अर्ध्यात उलट दिशेस जाऊ लागला. हा यंत्राचा दोष आहे अशीच तेव्हा समजूत झाली. मग आंपेअरच्या सूचनेवरून पिक्सीने यंत्रास दिक्परिवर्तक जोडला आणि प्रवाह घटमालेच्या प्रवाहासारखा ‘सरळ’ करून घेतला. आज ज्या प्रकारच्या प्रवाहावर जगातील बहुतेक वीजव्यवस्था चालते, त्याचे पहिले स्वागत दुरुस्त करावयाची चूक म्हणून झाले. आज शाळेत विद्यार्थी विचारतो, घटमालेचा प्रवाह का वळत नाही? १८३२ च्या विद्वानांना पडलेला प्रश्न असा होता, की यंत्राचा प्रवाह का वळतो? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, आणि ते ठिकाण म्हणजे प्रवाहास ढकलणारी प्रेरणा कोठून येते हे पाहणे.

यासाठी जॉन फ्रेडरिक डॅनिएल याने १८३६ मध्ये बनविलेला घट फार सोयीचा आहे. त्यात मोरचुदाच्या द्रावणात तांब्याचा पत्रा असतो, आणि सच्छिद्र भांड्याच्या आडोशाने वेगळ्या ठेवलेल्या द्रावणात जस्ताची कांडी असते. घटाकडे वळण्यापूर्वी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. द्राक्षबागाईतदार मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण तयार करतो तेव्हा त्यात चकचकीत लोखंडी पाते बुडवून पाहण्याची रीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे तो समजतो. तेथे घडते ते असे: लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात जातात आणि द्रावणातील तांब्याचे आयन ते इलेक्ट्रॉन घेऊन धातुरूपाने पात्यावर बसतात. लोखंडाऐवजी जस्त बुडविले तर हीच क्रिया अधिक जोराने होते. उलट, जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात तांब्याची पट्टी कितीही वेळ ठेवली तरी तिच्यावर जस्त चढत नाही. इलेक्ट्रॉन देण्याची जस्ताची ओढ तांब्यापेक्षा अधिक आहे; ही ओढ धातूंच्या स्वभावातच आहे आणि ती कोणी बाहेरून घातलेली नाही.

डॅनिएलच्या घटात हीच क्रिया घडते, परंतु एका चातुर्याने तिचे दोन भाग केलेले असतात. जस्त व मोरचूद यांची प्रत्यक्ष गाठ पडू दिलेली नसते. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनांपर्यंत पोहोचावयाचे तर त्यांना बाहेरच्या तारेचा लांबचा रस्ता धरावा लागतो; आणि वाटेत दिवा असेल तर तो पेटवावा लागतो, घंटी असेल तर ती वाजवावी लागते. द्रावणातील आयन सच्छिद्र भिंतीतून सरकून आतील बाजूने वर्तुळ पुरे करतात. एकंदरीत घट म्हणजे एक रासायनिक क्रिया होय, जिच्यातील देवाणघेवाणीचा अर्धा मार्ग मनुष्याने आपल्या अंगणातून वळवून घेतला आहे. बांधावरून आपोआप खाली जाणारे पाणी पाटाने वळवून त्यावर चक्की फिरवावी, तसाच हा प्रकार. पाणी कोणत्या दिशेने वाहावयाचे हे चक्की ठरवीत नाही, उतार ठरवितो. डॅनिएलच्या घटात हा उतार सुमारे १.१ व्होल्टचा आहे. विजेरीतील जस्त व मँगॅनीज डायऑक्साइड यांच्या सेलमध्ये १.५ व्होल्टचा, आणि मोटारीच्या बॅटरीतील प्रत्येक शिसे-अम्ल घटात सुमारे २ व्होल्टचा. या आकड्यांवर सेलच्या आकाराचा परिणाम होत नाही. लहान सेल असो वा मोठा, १.५ व्होल्ट तेवढेच राहतात, कारण तो पदार्थांचा गुण आहे, भांड्याचा नव्हे.

येथे एक स्पष्टीकरण सर्रास दिले जाते, आणि ते अर्धवट असल्यामुळे अधिक दिशाभूल करते. घटातील रासायनिक क्रिया उलटविता येत नाही, म्हणून प्रवाह उलटत नाही, असे ते स्पष्टीकरण. मोटारीच्या बॅटरीने ते खोटे ठरते. गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शोधलेल्या शिसे-अम्ल घटात क्रिया दोन्ही दिशांनी होते. वीज देताना शिशाची पट्टी व शिशाच्या डायऑक्साइडची पट्टी या दोहोंचे शिशाच्या सल्फेटात रूपांतर होते आणि गंधकाम्ल पातळ होत जाते. भारित करताना हे सारे पूर्ववत होते. म्हणजे या घटातून दोन्ही दिशांनी प्रवाह जाऊ शकतो, रोज जातोही. तरी त्या घटास प्रत्यावर्ती प्रवाहाचे उगमस्थान कोणी म्हणत नाही. ते का, हेच या विषयाचे मर्म आहे.

प्रवाहाची दिशा एक गोष्ट आहे आणि प्रेरणेची दिशा दुसरी. भारित होत असताना प्रवाह उलटा जातो, परंतु घटाची स्वतःची प्रेरणा पूर्वीच्याच दिशेस असते; बाहेरील यंत्र तिच्यावर मात करून प्रवाह चढावर ढकलीत असते. अशा वेळी घट ऊर्जा देत नाही, घेतो. प्रत्यावर्ती जनित्रात मात्र प्रवाहाबरोबर प्रेरणाही उलटते, आणि म्हणूनच दोन्ही अर्धचक्रांत ते ऊर्जा देऊ शकते. तेथे प्रेरणा चुंबकाच्या फिरण्यातून येते. उत्तर ध्रुव वेटोळ्याजवळून गेला की एका बाजूस धक्का, दक्षिण ध्रुव गेला की दुसऱ्या बाजूस. भारतातील विद्युत् पुरवठ्याची कंप्रता सेकंदास ५० आवर्तने आहे, म्हणजे दर सेकंदास १०० वेळा दिशा पालटते. घटाने हेच करावे अशी अपेक्षा असेल तर सेकंदातून १०० वेळा जस्ताने तांब्याचा व तांब्याने जस्ताचा स्वभाव धारण केला पाहिजे. चुंबकास फिरविता येते. मूलद्रव्यांच्या स्वभावास फिरविता येत नाही. चाक व उतार यांतील हा फरक आहे, आणि एकदा तो समजला की चार भेदांची यादी पाठ करण्याचे कारण उरत नाही.

हाच विचार दुसऱ्या अंगानेही पडताळून पाहता येतो. घटमालेतून प्रत्यावर्ती प्रवाह मिळत नाही, तसा तिला तो देऊनही उपयोग नसतो. भिंतीतील वीज बॅटरीस सरळ जोडली तर एका शतांश सेकंदात जे भरावे ते पुढच्या शतांश सेकंदात निघून जाईल. जमा काही होणार नाही, बॅटरी मात्र तापून बिघडेल, आणि जोडणाऱ्याच्या जिवासही धोका आहे. म्हणून प्रत्येक चार्जरमध्ये प्रवाह एकदिश करणारी योजना असावी लागते.

‘बॅटरीत वीज साठविलेली असते’ हे वाक्य तर पाठ्यपुस्तकांतून व जाहिरातींतून इतके रुळले आहे की त्यावर आक्षेप घेणे कोणास किरकोळ वाटेल. पण ते किरकोळ नाही. घटात साठा असतो तो जस्ताचा, शिशाचा, लिथियमयुक्त पदार्थांचा. एक ग्रॅम जस्त झिजले म्हणजे सुमारे २,९५० कूलंब इतका विद्युत्भार तारेतून जातो, ०.३ अँपिअर प्रवाह घेणारा विजेरीचा जुन्या पद्धतीचा दिवा त्यावर सिद्धान्ततः पावणेतीन तास जळावा. हा हिशेब फॅरडेच्या नियमांनी एकोणिसाव्या शतकातच बांधून दिलेला आहे. विजेरीत विसरून राहिलेला जुना सेल काढला तर त्याचे जस्ताचे कवच जागोजाग खाल्लेले व आतील द्रव पाझरलेला दिसतो. मुलांना तो फेकून देण्याची घाई असते. वस्तुतः त्या भोकांकडे बोट दाखवून गेलेली वीज येथून गेली असे सांगता येते. एकाच दिशेने झिजणारी वस्तू एकाच दिशेने प्रवाह देणार, ही गोष्ट मग वेगळी पटवावी लागत नाही.

जाता जाता एका अपवादाचा उल्लेख केला पाहिजे, नाहीतर चिकित्सक वाचक तो स्वतः काढील. रशियन शास्त्रज्ञ बोरिस बेलूसोव यास १९५० च्या सुमारास असे एक मिश्रण सापडले की ज्याचा रंग काही काळाने पालटे, पुन्हा पूर्ववत होई, पुन्हा पालटे. त्याच्यावर प्रथम कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे अनातोली झाबोतिन्स्की याने ती क्रिया नीट अभ्यासिली. अशा मिश्रणात प्लॅटिनमची तार बुडविली तर तिचा विभव लयीने कमी-अधिक होताना दिसतो. तर मग रसायनांतून प्रत्यावर्ती वीज का नाही? कारण तेथेही मूळ क्रिया उताराकडेच चाललेली असते. मधल्या टप्प्यावरील पदार्थांचे प्रमाण तेवढे हेलकावे खाते. ते हेलकावे संथ असतात आणि मूळ पदार्थ संपले की थांबतात. त्यांवर पंखा फिरविण्याची आशा व्यर्थ आहे. निसर्गात दोलने आहेत, नाही असे नाही. परंतु ऊर्जेचा उतार कोठेही उलटा होत नाही.

घरातील इन्व्हर्टर बॅटरीतून प्रत्यावर्ती प्रवाह काढतो असे म्हणतात, तेव्हा बॅटरी काही निराळे करीत नसते. तिची दोन टोके बाहेरील तारांना आळीपाळीने उलटसुलट जोडली जातात, इतकेच. हे काम आज अर्धवाहक कळा करतात. निर्वात नळ्यांच्या काळात, जेथे वीज पोहोचली नव्हती तेथील रेडिओसाठी हेच काम थरथरणारी लोखंडी पट्टी करीत असे. तिची गुणगुण कान देऊन ऐकता येई. पट्टी असो की अर्धवाहक, दिशा पालटणारा घटक घटाच्या बाहेरच असतो.

या साऱ्याचा व्यवहाराशी संबंध कोठे येतो हे आता पाहावे. विजेच्या इतिहासाची एक लोकप्रिय कथा आहे. एडिसनचा एकदिश प्रवाह एका बाजूस, वेस्टिंगहाउस व टेस्ला यांचा प्रत्यावर्ती प्रवाह दुसऱ्या बाजूस, आणि युद्धात दुसरा विजयी झाला. या कथेमुळे एकदिश प्रवाह म्हणजे जुने, पराभूत तंत्र अशी समजूत पसरली आहे, आणि ती समजूत आज महाग पडत आहे. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनच्या केंद्राने ११० व्होल्टने पुरवठा सुरू केला, तेव्हा तो एक-दीड किलोमीटरच्या पलीकडे नेणे परवडत नव्हते. तारेतील नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब शंभरपट केला तर तेवढीच शक्ती शतांश प्रवाहात नेता येते आणि नाश दहा हजारांश होतो. दाब असा वाढविण्या-उतरविण्याचे साधन म्हणजे रोहित्र, आणि रोहित्र बदलत्या प्रवाहावरच चालते. एकदिश प्रवाह हरला तो स्वतःच्या दोषामुळे नव्हे. त्या काळी त्याच्याजवळ रोहित्र नव्हते म्हणून. भारतात १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथील वीज सुमारे १४७ किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली, ती प्रत्यावर्ती होती. त्या काळी तो एकच मार्ग खुला होता.

परिस्थिती पालटली म्हणजे निर्णयही पालटतात. शक्तिशाली अर्धवाहक साधने उपलब्ध झाल्यावर एकदिश प्रवाहाचा दाबही हवा तसा बदलता येऊ लागला. १९८९ मध्ये विंध्याचल येथे उत्तर व पश्चिम भारतातील वीजजाळी एकदिश दुव्याने जोडली गेली. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी कार्यान्वित झाली आणि विदर्भातील औष्णिक वीज मुंबईच्या दाराशी त्या मार्गाने येऊ लागली. याच्या अगदी उलट चित्र मुंबईच्या लोकलगाड्यांचे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावली, कारण गाडीस जोराने खेचून सुरू करण्यास त्या काळी त्या प्रवाहावर चालणाऱ्या मोटारी उत्तम होत्या. २०१६ पर्यंत मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील एकदिश पुरवठा टप्प्याटप्प्याने काढून २५ किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती पुरवठा घालण्यात आला. दूरच्या वाहिनीत एकदिश प्रवाह आला आणि लोकलच्या तारेतून तो गेला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. अमुक प्रवाह आधुनिक व तमुक जुनाट हा निकषच चुकीचा आहे, हे यावरून दिसून येते.

घरगुती वापराबाबत हाच प्रश्न आज उभा आहे. सौर तक्त्यातून मिळणारी वीज एकदिश असते. त्यातील अर्धवाहकाच्या सांध्यात विद्युत् क्षेत्राची दिशा घडणीच्या वेळीच कायम झालेली असते. बॅटरी एकदिश आहेच. एलईडी दिवा, मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच आणि नव्या प्रकारचे कमी वीज घेणारे पंखे यांना आतून एकदिश प्रवाहच लागतो. तरीही रूढ व्यवस्थेत तक्त्याची एकदिश वीज प्रथम प्रत्यावर्ती केली जाते, आणि मग प्रत्येक उपकरण ती पुन्हा एकदिश करून घेते. प्रत्येक रूपांतरात काही हिस्सा उष्णता होऊन वाया जातो. ज्या कुटुंबाजवळ शे-सव्वाशे वॅटचा एकच तक्ता आहे, त्यास हा नाश सोसवत नाही. मद्रास येथील आयआयटीत तयार झालेली ४८ व्होल्टची एकदिश गृहव्यवस्था २०१५ नंतरच्या वर्षांत राजस्थानच्या वाळवंटी भागातील, वीजवाहिनीपासून दूर असलेल्या हजारो घरांत बसविण्यात आली. भारतीय मानक ब्यूरोने २०१७ मध्ये ४८ व्होल्टच्या अशा वितरणासाठी मार्गदर्शक मानकही काढले. दूरच्या वस्त्या, शेतावरील घरे, डोंगरातील शाळा यांच्यासाठी हाच मार्ग सयुक्तिक आहे, आणि त्यास तात्पुरती सोय समजून कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

मात्र या मताचा अतिरेकही करू नये. शहरातील घरे पाडून त्यांत एकदिश तारा घालाव्या असे कोणी म्हणेल तर ते शहाणपणाचे होणार नाही. कमी दाबास प्रवाह अधिक लागतो. साठ वॅटच्या उपकरणास २३० व्होल्टवर पाव अँपिअरहून किंचित अधिक प्रवाह पुरतो. ४८ व्होल्टवर सव्वा अँपिअर लागतो आणि १२ व्होल्टवर ५ अँपिअर. तारा तेवढ्या जाड लागतात, अंतर वाढले की नाशही वाढतो. पाण्याचा पंप, मिक्सर, इस्त्री यांचा भार घेऊन ही व्यवस्था चालविणे अजून सोपे नाही.

आणि एक धोका असा आहे की ज्याचे मूळ थेट या लेखाच्या मथळ्यातील प्रश्नात आहे. खटका बंद करताना त्याच्या टोकांमध्ये क्षणभर ठिणगीची कमान उठते. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदातून १०० वेळा शून्यावर येत असल्यामुळे ती कमान लवकर विझते. एकदिश प्रवाहास शून्य नाही. सौर तक्ते एकापुढे एक जोडले की त्यांचा दाब कित्येकशे व्होल्टपर्यंत जातो, आणि तेथे भिंतीवरील साधा खटका लावला तर ती कमान जळत राहते, खटका वितळतो, आग लागते. बाजारात दोन्ही खटके सारखेच दिसतात. फरक त्यांवर छापलेल्या अक्षरांत असतो. तक्ते बसविणाऱ्या तरुणाने शाळेत चार भेद पाठ केलेले असतात, पण ‘एकदिश’ या शब्दाचा अर्थ ‘शून्यावर न येणारा’ असाही होतो हे त्यास कोणी सांगितलेले नसते. शिसे-अम्ल बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती बंद खोलीत ठेवू नये, हेही तसेच सांगावयाचे राहून जाते. बॅटरीस वीज साठविण्याचे मुके खोके मानले की त्यातून वायू निघेल अशी शंका तरी कशी यावी?

या सर्वांसाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही, आणि हेच या विषयाचे सुदैव आहे. एका बटाट्याचे दोन तुकडे करावे, एकाच्या कापलेल्या बाजूत तांब्याच्या दोन उघड्या तारा थोड्या अंतरावर खोचाव्या, आणि त्या ९ व्होल्टच्या लहान बॅटरीस जोडाव्या. भिंतीतील विजेस हा प्रयोग चुकूनही जोडू नये. त्यात जिवाचा धोका आहे. काही मिनिटांत एका तारेभोवती बटाटा हिरवट होऊ लागतो आणि दुसरीभोवती बारीक फेस येतो. हिरवा रंग धन टोकाचा; तेथील तांबे आयनरूपाने बटाट्यात उतरू लागलेले असते. तारतंत्री पूर्वी खुणा पुसलेल्या तारांची टोके याच रीतीने ओळखीत. मग तारा उलट जोडाव्या आणि दुसऱ्या तुकड्यात खोचाव्या. हिरवा डाग दुसऱ्या तारेभोवती उमटतो. पहिल्या तुकड्यातील डाग तेथेच राहिलेला असतो, आणि दोन्ही तुकडे बाकावर शेजारी शेजारी ठेवले म्हणजे वर्गातील मागच्या रांगेतल्या मुलासही ते दिसतात.